चार झोळ्या

मी रागीट आहे हे मी कधी नाकारलेलं नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी अजून सांगतील, मार्थाबाईंनी नुसतं वळून बघितलं तरी हातातली वाटी खाली पडायची. पण खडकटेकावर काय झालं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. नवऱ्याला, फिलिपला, सांगितलं. तेही अर्धंच. आज पुरतं सांगते, मग माझ्याविषयी काय ते म्हणा.

त्रेसष्ट सालचा मार्च. मी शिरूरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, नर्सिंग करून देवी टोचायच्या कामावर लागलेली. तेव्हा दौंडच्या अलीकडच्या एका वस्तीवर देवीची साथ आली होती. दोन पोरं गेली, एका मुलीचे डोळे गेले. ती मुलगी मी पाहिली. आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती आणि आई सारखी म्हणत होती, "दिवा लावा की कुनी, माझी लेक अंधाराला भिती." भरदुपारी, हो! त्या वस्तीपासून तीन मैलांवर खडकटेक, आणि खडकटेकावर वर्षभरात जन्मलेली चार पोरं न टोचलेली. चौघांची नावं माझ्या यादीत होती. ही चार टोचल्याशिवाय शिरूरला परतायचं नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं.

खडकटेक म्हणजे खाणीचं गाव. मुद्दाम कुणी वसवलेलं नाही. रेल्वेच्या पुलांना दगड लागायला लागला तेव्हा टेकडी फोडायला माणसं आली. खालचा दगड संपला की वर सरकायचं, आणि फोडून सपाट झालेल्या जागेवर झोपडी टाकायची, असं करत करत गाव टेकडीभर चढत गेलं. एके काळी तिथं दोनशे चुली होत्या म्हणे. मी गेले तेव्हा साठ उरल्या होत्या, आणि माणसं रुळांखाली टाकायची खडी फोडून खालच्या मालगाडीच्या वाघिणींत भरत होती. त्या गावाला रस्ता नाही. घरातून घरात जायचं तर पायऱ्या, विहिरीवर जायचं तर पायऱ्या, मेलेलं माणूस न्यायचं तरी पायऱ्याच.

आणि तिथले लोक टोचणीवर खवळलेले होते. आदल्या वर्षी आमच्या प्रेमाबाई येऊन पोरांना टोचून गेल्या. त्यातलं एक पोर आठवड्यानं गेलं. गेलं ते हगवणीनं, पण नाव टोचणीचं झालं. त्यामुळं या वर्षी पोरं लपवणार हे मला ठाऊकच होतं. "लपवू देत," मी प्रेमाबाईंना म्हटलं, "टेकडी काय पळून जात नाही. एकेक पायरी तुडवीन." म्हटलं ते खरंच केलं मी.

सकाळी आठ वाजता पायथ्याशी पोचले. खांद्याला पिशवी, हातात थर्मास. थर्मासात दौंडहून आणलेला बर्फ आणि त्यात लशीच्या नळ्या. बर्फ दुपारपर्यंत टिकायचा. पुढं लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच.

पायथ्याला एक मोठा कडुलिंब. त्याच्या फांद्यांना चार झोळ्या टांगलेल्या, आणि पलीकडच्या छपरात बाया खडी फोडत बसलेल्या. मला बघितलं आणि सगळे हातोडे थांबले. एक जण उठून आली. विशीची असेल, कपाळाला धुळीचा थर. साखरबाई तिचं नाव. आपण होऊनच म्हणाली, "बघा की बाई. चार झोळ्या, चार लेकरं. समदी टोचलेली हायेत."

मी पहिली झोळी उघडली. आतल्या पोराच्या दंडावर दोन ठळक वण. दुसरीत वण, तिसरीत वण, चौथीतही वण. क्षणभर मला बरं वाटलं, हो! मग लक्ष गेलं. चौथीतलं पोर झोळीत मावत नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत बाहेर, तोंडात दात, हातात भाकरीचा तुकडा, आणि माझ्याकडे बघून म्हणतं, "ए, जा."

"हे तान्हं?" मी विचारलं.

"अंगानं जरा थोराड हाय," साखरबाई म्हणाली.

छपरात कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गेल्या वर्षी टोचलेली दीड-दोन वर्षांची पोरं झोळीत कोंबून ठेवली होती, बाईला वण दाखवून वाटेला लावायला! मला काय दूधखुळी समजतात का ह्या? "ठीक आहे," मी म्हटलं, "खरी चार कुठं आहेत ते मी बघते." आणि पदर खोचून चढायला लागले.

पहिला भेटला तो पाणजिना. खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन बाया वर्षानुवर्षं चढल्या, त्यानं प्रत्येक पायरीत दोन खळगे पडलेले. एक जायचा, एक यायचा. खळग्यात पाऊल ठेवलं की चाल आपोआप बसते, बाजूला ठेवलं की घसरतं. हे मला सहाव्या पायरीवर कळलं, गुडघा फुटल्यावर. त्या जिन्याच्या डोक्यावर अकरा घरं होती. आठांना कडी आणि तीन घरांत म्हाताऱ्या.

"लेकरं कुठं आहेत, आजी?"

"कंची लेकरं?"

"तान्ही."

"अगं बया, आता मला व्हनार हायेत व्हय?"

तिथून डावीकडं मुकादमाचा जिना. त्याच्या पायऱ्या एकसारख्या, घडवून बसवलेल्या, कारण जुन्या काळी कुणी गोरा साहेब त्यावरून चढायचा. साहेब गेला, मुकादम आला, तोही आता खाली शेडमध्ये राहायला गेला, आणि जिन्याच्या सांध्यांतून बाभळी उगवल्या. काटे चुकवत मी वर गेले. वर ओसाड जोती, पडक्या भिंती, एका कोनाड्यात तेलाचा जुना डाग. प्रत्येक भिंतीआड डोकावले. एका भिंतीआड शेळी व्याली होती, ती माझ्यावर धावून आली. पोर एकही नाही.

खरं सांगते, मला मजा येऊ लागली होती. वळणावळणावर नवी वाट फुटायची. एक वाट दोन कड्यांमधून इतकी अरुंद जायची की पिशवी आधी पुढं सारावी लागायची. वर उन्हात उभं राहिलं की लांबवर भीमेची रेघ दिसायची आणि दौंडकडं इंजिनांचा धूर. असं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मग मी आंधळ्या जिन्यावर गेले.

त्याला आंधळा का म्हणतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पन्नासेक पायऱ्या चढले, घाम पुसला, पुढचं पाऊल उचललं, आणि पुढं पायरीच नाही! समोर नुसती हवा. खाली दहा पुरुष खोल खाण, तळाला पाणी, पाण्यावर उलटं आभाळ. तो जिना जिथं जात होता ते घर, अंगण, सगळी टेकडीच फोडून वाघिणींत भरून गेली होती, जिना तेवढा शिल्लक राहिला होता. मी मागच्या मागं बसले ती बसलेच. "प्रभू, प्रभू" एवढंच तोंडातून निघत होतं. बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत उतरले. खाली आल्यावर भीती ओसरली आणि राग दुप्पट झाला. असल्या जागी ही माणसं पोरं लपवतात, आणि दोष कुणाला, तर टोचणीला!

आता एकच जिना उरला होता, चालू खाणीकडं जाणारा. त्याच्या टोकाला काठीवर लाल बावटा लावला होता आणि बावट्याखाली एक माणूस विडी ओढत बसला होता. पन्नाशीचा, दाढी पांढरी, डाव्या हाताला तीनच बोटं. हा इनुस, खाणीचा सुरुंगवाला. सगळे त्याला मामा म्हणायचे.

"म्होरं न्हाई, बाई," तो उठून म्हणाला. "सुरुंग भरल्यात. सा भोकं हायेत. लाल हाय तवर कुनी जायाचं न्हाई."

"पलीकडं पोरं लपवली नाहीत ना कुणी?"

"सुरुंगाच्या तोंडाशी?" तो हसला. "काय बोलता, बाई? येडी हायेत का?"

मलाही ते पटलं. सुरुंगाच्या तोंडाशी कोण पोर ठेवील? मी परत फिरले. ऊन डोक्यावर येत होतं, थर्मास हलवला तर आत पाणी डुचमळत होतं, बर्फाचा आवाजच नाही. माझं डोकं आधीच फिरलेलं, आणि तेवढ्यात बघते तर साखरबाई त्याच जिन्यानं वर येतेय. डोक्यावर पाटी नाही, हातात हातोडा नाही. मला बघून ती कडेच्या दगडाआड वळायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. नर्सचा हात आहे, सहजी सुटत नाही.

"कुठं निघालीस?"

"कुठं न्हाई. आसंच."

तिच्या चोळीवर ओल आली होती, दोन्हीकडं, ताजी. तिच्या ध्यानात नव्हतं, पण माझ्या ध्यानात आलं. नर्सिंग शिकताना महिन्याला आठ बाळंतपणं केली होती मी, मला कोण फसवणार?

"तुझं पोर भुकेलंय, साखरबाई," मी म्हटलं. "तू सांगू नकोस, तुझं दूधच सांगतंय. कुठं ठेवलंयस त्याला?"

ती रडायलाच लागली. "बाई, सोडा मला. तुमच्या पाया पडते."

"पोर दाखव, मग सोडते."

"घरी न्हेलंय त्याला. माह्येरी."

"खोटं बोलू नकोस! दौंडहून पोलीस आणीन. चौघींच्या नवऱ्यांना आत घालीन. पोरं काढून घेतील तुमची, कळलं? पोरं काढून नेतील!"

हे मी बोलले. असला काही कायदा नव्हता आणि मला ते माहीत होतं. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, चला, आता बोलेल. तिचं मनगट न सोडता मी पायरीवर बसले, तिलाही बसवलं. ठरवलं होतं की ती बोलेपर्यंत हलायचं नाही.

वरून इनुसमामाची हाळी आली, "सुरूंऽऽग होऽऽ!" ती पहिली हाळी. मग तो मुकादमाच्या जिन्यानं खाली उतरून गेलेला लांबून दिसला.

साखरबाईनं हात ओढला. "बाई, हाळी झाली."

"होऊ दे. आपण बावट्याच्या अलीकडं आहोत."

ती बसल्या जागी पुढं-मागं डुलायला लागली. ओठ हलत होते. मला वाटलं देवीचं नाव घेतेय. मी बसले होते तशीच बसले. देवा, मी नुसती बसून राहिले!

थोड्या वेळानं दुसरी हाळी आली. आता आवाज वरून येत होता, म्हणजे मामा दुसऱ्या वाटेनं परत खाणीवर पोचला होता. साखरबाईचं पुटपुटणं मोठं झालं. ती स्वतःशीच म्हणत होती, "न्हाई लावायचा. झोळ्या मोजल्याबिगर मामा वात लावायचा न्हाई. कवाच लावत न्हाई."

"कसल्या झोळ्या?"

"लिंबाच्या." तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. "बारा वाजता वात लावायच्या आदी मामा समद्यास्नी लिंबाखाली गोळा करतो. मुकादम खानीतलं गडी मोजतो, मामा सोता झोळ्या मोजतो. एक झोळी जरी रिकामी निघाली तर पोर घावंस्तवर वात लावत न्हाई. चार जर रिकाम्या निघाल्या तर..."

"पण झोळ्या रिकाम्या कुठं आहेत?" मी म्हटलं. "भरल्यात की. तुम्हीच भरल्यात. मी मोजल्या सकाळी. चार."

हे बोलले तेव्हा मी त्यांची लबाडीच तिला ऐकवत होते. मला अजून काहीच कळलं नव्हतं. पण साखरबाईचा चेहरा बघितला आणि मला कळलं. तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता. माझ्यासाठी भरलेल्या झोळ्या मामानंही मोजल्या होत्या. चार झोळ्या, चार डोकी, त्याचा हिशेब बरोबर जमला होता.

"कुठं आहेत पोरं?" मी ओरडले. "साखरे, कुठं आहेत?"

"वर. कपारीत. सुरुंगाखाली. सकाळीच, बावटा लागायच्या आदी न्हेऊन ठेवल्यात." ती किंचाळली. "म्हटलं बावट्याच्या पल्याड बाईला कुनी जाऊ देनार न्हाई. पुतळाआजी हाय जवळ. बाराच्या आत म्या आनायची ठरलं व्हतं. म्याच आनायची व्हती! खाली समद्यास्नी वाटत आसंल, म्या आनलीच!"

आणि त्याच वेळी तिसरी हाळी आली. तिसरी हाळी म्हणजे वात लागली.

मी विचारलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "पाच मिंटं," आणि आम्ही धावत सुटलो. थर्मास हातातून सुटला, पायऱ्यांवर फुटला, लशीच्या नळ्यांचा चुरा झाला. कोण बघतंय तिकडं! साखरबाई ओरडत होती, "मामाऽऽ! इजवाऽऽ!" पण मामा कड्याच्या माथ्यावरून, जिथून खालची कपार दिसत नाही, वाती लावून टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उतरला होता आणि वारं आमच्याकडंच येत होतं. साखरबाई माझ्या पुढं होती. वीस-पंचवीस पायऱ्यांवर तिचा पाय मुरगळला, ती तोंडावर आपटली. मला म्हणाली, "तुम्ही जावा! जावा म्होरं! म्हातारीला ऐकाया येत न्हाई, बाई, हाका मारून उपेग न्हाई!"

मी गेले. लाल बावट्याची काठी ओलांडली आणि जिन्याच्या डोक्यावर पोचले.

समोर खाण. मोठ्या परातीसारखी, मधे मोकळं मैदान, दगडांचा खच. पलीकडं काळा उभा कडा आणि कड्याच्या पोटात कपार. कपारीच्या वर, कड्याच्या अंगातून, सहा ठिकाणी निळा धूर निघत होता. बारीक, उदबत्तीसारखा. आणि त्या धुराच्या बरोबर खाली, कपारीच्या सावलीत, एक म्हातारी पाय पसरून बसली होती. वाकळेवर तीन पोरं निजलेली आणि एक तिच्या मांडीवर. ती त्याला थोपटत होती. इतकं शांत होतं ते सगळं.

तिच्यापर्यंत जायचं तर शंभर-सव्वाशे पावलं, दगडांतून. पोचायला वेळ नव्हता. मला एकच सुचलं की तिनं आत सरकावं, कपारीच्या अगदी पोटात जावं. ऐकू येत नाही, तर दिसेल असं काहीतरी करायला हवं होतं. मी खोचलेला पदर सोडला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि जोरजोरात हलवला. आत जा, आत जा, मागं हो! अंगावर दवाखान्याचं पांढरं पातळ होतं, लांबून नजरेत भरेलसं.

तिला दिसलं. तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि माझ्याकडं बघून हसली. बोळकं तोंड, ते मला तिथून दिसलं. मग तिनं मांडीवरचं पोर कडेवर घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि कपारीतून बाहेर आली.

"नाही!" मी ओरडले. "आजी, मागं! मागं!" पदर आणखी जोरानं हलवला. ती आणखी भराभरा चालायला लागली. मी हातांनी ढकलल्यासारखं केलं, उड्या मारल्या, गळा फाटेस्तोवर ओरडले. ती सरळ उन्हात, उघड्या मैदानात, माझ्याकडं चालत येत होती. मला कळेना, ही वेडी आहे का? दिसत नाही का हिला मी काय सांगतेय ते?

पहिला बार झाला. तिला ऐकू नाही आला, पण पायांना कळला असणार. ती थबकली. मागं वळून बघितलं नाही. पोराला पोटाखाली घेतलं आणि कोंबडी पिलांवर बसते तशी त्याच्यावर बसली. मग दुसरा बार, तिसरा. मी दगडाआड पडले होते, डोकं दोन्ही हातांत. वरून दगड पडत होते, धुळीनं सूर्य दिसेना. सहावा झाला आणि कानात नुसती शिट्टी वाजत राहिली.

मी उठून धावले. साखरबाई लंगडत, रांगत माझ्या मागून आली होती. म्हातारी तशीच ओणवी होती. डोक्याच्या मागं दगड लागला होता तिला. मी नाडी बघितली, बघायची म्हणून. मग तिला कडेला कलतं केलं. खाली पोर होतं, धुळीनं माखलेलं, डोळे टक्क उघडे. दोन क्षण ते नुसतं बघत राहिलं. मग असं किंचाळलं की साखरबाईनं झडप घालून त्याला उचललं आणि तिथंच, रक्तातच, बसून त्याला छातीशी लावलं. पोर तिचंच होतं.

मी कपारीकडं धावले. तिथलं बघायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण कुणीतरी बघायला हवं होतं. तिन्ही पोरं वाकळेवर होती. दोन रडत होती, आणि तिसरं, तुम्हाला खरं वाटणार नाही, झोपलं होतं. अंगावर खरचटा नाही. वाकळेवर खडासुद्धा पडलेला नाही.

इनुसमामा पलीकडच्या अंगानं उतरून आला. आम्हाला बघून थांबला. "या खुदा," एवढंच म्हणाला. मग जवळ आला, पुतळाबाईच्या शेजारी बसला. "म्या मोजल्या व्हत्या," तो म्हणाला. "चार व्हत्या. म्या सोता मोजल्या, बाई, चार व्हत्या." किती वेळ तेच. बायांनी पोरं कशी लपवली ते मी त्याला तुटक तुटक सांगितलं. त्यानं कपारीकडं बघितलं, वाकळेवरची तीन पोरं बघितली, आणि कपाळाला हात लावला.

"मग ही भाईर का आली?" त्यानं विचारलं. "कपारीत व्हती तर भाईर का आली म्हातारी? त्या कपारीत बसून म्या किती बार उडवल्यात. वरनं पहाड पडला तरी आत खडा येत न्हाई. ही पोरं बघा की. बसली असती गप, तर काय बी झालं नसतं."

मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानं कमरेला गुंडाळलेलं मोठं पांढरं फडकं सोडलं, झटकलं आणि म्हातारीच्या तोंडावरून पायांपर्यंत पांघरलं. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. जिन्याच्या तिसऱ्या वळणावर सगळं गाव जमलं होतं. साखरबाईच्या किंचाळ्या खालपर्यंत गेल्या असणार. बाया पोरांची नावं घेऊन हाका मारत होत्या, ऊर बडवत होत्या, पण वर कुणीही येत नव्हतं. माझा पुन्हा भडका उडाला. "अहो, पोरं इथं आणि आया तिथं काय करतायत? वर का येत नाहीत त्या?"

"पांढरं दिसलं न्हाई ना त्यास्नी," मामा म्हणाला. "बार झाले की म्या हितं उभा ऱ्हाऊन ह्ये फडकं हालवतो. मंग समदे येत्यात. त्ये दिसल्याबिगर पायरी चढायची न्हाई, ह्यो हितला नेमच हाय. किती बी जीव तुटू द्या." त्यानं पांघरलेल्या फडक्यावरची घडी सारखी केली. "हिला तर धा वर्सं झाली, काईच ऐकाया येत नव्हतं. माझ्या फडक्यावरच चालायची बिचारी. पांढरं हाललं की कुठं बी बसलेली असू द्या, उठून यायची."

मग तो माझ्याकडं वळला. "बाई, माझं फडकं आता हिच्या अंगावरनं काढवत न्हाई. तुमचा पदर पांढरा हाय. तेवढा हालवा."

त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, तो टेकडीपलीकडं होता. साखरबाईनंही पाहिलं नव्हतं, ती पायऱ्यांवर पडली होती. पाहिलं होतं ते एकट्या पुतळाबाईनं, आणि ती हसली होती.

"मामा," मी म्हटलं, "मी बोलावलं तिला."

"आँ?" तो म्हणाला. त्याच्या कानांतही अजून शिट्टी वाजत असावी. "काय म्हनलात? हालवा की, बाई. त्या बाया मरत्यात तिकडं."

पदर माझ्या मुठीतच होता. मघापासून मी तो सोडलाच नव्हता, बोटं उघडत नव्हती. मी जिन्याच्या डोक्यापर्यंत चालत गेले, हात वर केला आणि हलवला. पहिल्याच हलवण्याला सगळ्या बाया धावत वर आल्या.